द्राक्षाच्या डिपिंगसाठी न सांडणारा मग बनवलाय, कारखानदाराला दाखवण्याआधी काय करू?

बागायतदार_तासगाव

नमस्कार. तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग आहे आणि घराला लागून माझं वेल्डिंगचं छोटं दुकान. ऑक्टोबर छाटणीनंतर घड जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड, मणी फुगवणारं संजीवक) पाण्यात बुडवायचे दिवस आले की बागेत प्रत्येक बाईच्या हातात मग असतो. घड बुडवला की पाणी काठावरून सांडतं, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आणि बाकीचं मातीत जातं. संध्याकाळी आईची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली असायची. तिच्यासाठी तीन हंगाम खपून मी न सांडणारा मग केला. दहा लिटरच्या बादलीत आधी चार ओळी व्हायच्या, आता साडेपाच होतात.

कुपवाड एमआयडीसीत फवारणी पंप बनवणारे एक कारखानदार म्हणतात, "नमुना आठ दिवस ठेवून जा. आवडला तर पन्नास हजार देऊन टाकतो, पुढचं आमचं." घरात पैशांची गरज आहे, खोटं कशाला बोलू. पण मन तयार होत नाही. बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ४० सेकंदांचा व्हिडिओही टाकून बसलोय. त्यात मग बाहेरून दिसतो, आतलं काही नाही. आता पेटंट मिळेल का? नमुना देऊ का?

कराडचा_लेथवाला

दादा, हात जोडून सांगतो, नमुना ठेवून येऊ नका. सायकल कोळप्याच्या (तण काढायचं, हातानं ढकलायचं चाकाचं अवजार) पात्याचा कोन जागेवर बदलता येईल अशी एक जोड मी बनवली होती. एका कारखानदाराकडं ठेवून आलो. पंधरा दिवसांनी "चालणार नाही" म्हणून परत मिळाली. पुढच्या वर्षी कराडच्या कृषी प्रदर्शनात एका स्टॉलवर तीच जोड. माझ्या नमुन्यात ड्रिल सरकून पट्टीला एक जादा भोक पडलं होतं, कशाच्याच कामाचं नाही. त्यांच्या प्रत्येक नगाला ते भोक होतं. मी तिथं उभा राहून बोटानं चाचपून बघितलं. पण भांडणार कशाच्या जोरावर? माझ्याकडं तारीख असलेला एक कागद नव्हता.

मिरज_पेटंटकाम

आधी अर्ज, मग भेट. आतली रचना तुम्ही इथंही लिहिली नाहीत, ते फार बरं केलंत. आपल्याकडं आधी जगाला दाखवून मग निवांत अर्ज करायची सरसकट सवलत नाही. व्हिडिओ आजच काढून टाका, पण मूळ फाइल जपून ठेवा आणि पेटंटचे अर्ज करून देणाऱ्या एजंटला दाखवा. त्यावरून आतलं काम कुणाला कळत नसेल तर आशा आहे.

प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पहिला अर्ज करा. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन केला तर सरकारी फी १६०० रुपये. मुंबईच्या पेटंट कार्यालयात जायची गरज नाही. त्या दिवसापासून तारीख तुमची. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो, तो चुकला तर अर्ज गेला. तपासणीची विनंती ३१ महिन्यांच्या आत, तिची फी वेगळी. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. अर्ज करण्याआधी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर असा मग आधी कुणी केलाय का ते फुकट शोधता येतं. एक रात्र त्यात घालवाच.

दोन गोष्टींत लोक हमखास फसतात. एक, शेतीच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, म्हणून "घड बुडवण्याची पद्धत" लिहू नका, उपकरण म्हणून लिहा. दुसरी, सामान जसं वापरलंय तेवढंच लिहू नका. एखादा भाग रबराचा असेल तर "लवचिक" म्हणा, नाहीतर समोरचा सिलिकॉन लावून बाजूनं निघून जाईल.

पन्नास हजारांत "पुढचं आमचं" म्हणजे मालकीच गेली. त्यापेक्षा परवाना द्या, नगामागे ठरावीक रक्कम घ्या. आणि वर्षाला किमान इतके मिळालेच पाहिजेत, नाहीतर परवाना रद्द, हे कलम सोडू नका. त्याशिवाय उद्या त्यांनी मग कपाटात ठेवून दिला तर तुम्ही काय करणार? परवाना असो की मालकी, लेखी हवं, आणि पेटंट कार्यालयात नोंदवायला हवं. एजंटचा खर्च झेपत नसेल तर गांधीनगरच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनला लिहा. तुमच्यासारख्या, दुकानात-रानात शोध लावणाऱ्यांना ते पेटंटसाठी मदत करतात.

बागायतदार_तासगाव

ताई, अर्ज झाला की बोलायला मोकळा ना?

मिरज_पेटंटकाम

अर्जात जेवढं लिहिलंय तेवढं. नंतर सुचलेली सुधारणा पोटातच ठेवा.

बागायतदार_तासगाव

मंगळवारी अर्ज गेला, नंबर आला. शुक्रवारी कुपवाडला जाऊन आलो. अर्ज केलाय म्हटल्यावर साहेबांनी आधी नंबर लिहून घेतला, मग चहा सांगितला. नगामागे द्यायला तयार आहेत, किमान रकमेवर अडलंय. मी घाई करणार नाही.

आता सांगतो. मगाला दोन भिंती आहेत. घड आत गेला की चढलेलं पाणी आतल्या काठावरून दोन भिंतींच्या मधल्या जागेत उतरतं. घड बाहेर आला की आतली पातळी खाली जाते, तळाची झडप उघडते आणि तेच पाणी परत आत येतं. ती झडप मी माझ्या जुन्या सायकलच्या ट्यूबची कापलीय, रुपयाच्या नाण्याएवढी. अर्जात "लवचिक झडप" असंच लिहिलंय.

कराडचे दादा, तुमचं ते भोक डोक्यातून जात नव्हतं. घरी आल्या आल्या आईनं पहिलं विचारलं, "मग परत आणलास न्हवं?" आणलाय.