'वीस हजारांचं कपाट' म्हणणाऱ्यांसाठी एक लांबलचक पिंक

खरकटवैरीण:
कालच्या धाग्यावर एकाने लिहिलंय, "स्वस्तातला डिशवॉशर म्हणजे वीस हजारांचं कपाट. चार दिवस कौतुक, मग त्यात डबे ठेवायचे." खाली +1 ची रांग. त्यातल्या किती जणांनी तो एकदा तरी लावून पाहिलाय, विचारलं तर सगळे गप्प. म्हणून हा वेगळा धागा.

माझा ओट्यावर बसणारा, 8 जणांच्या सेटचा, 21 हजारांचा. वाघोली, चौथा मजला, घरात दोन माणसं आणि एक नववीतला राक्षस. चौदा महिने रोज रात्री चालतोय. मशीनचा ताप शून्य, ताप झाला तो बसवताना. फिटर आला, ओट्याखाली वाकून म्हणाला, "मॅडम, 16 अँपिअरचा पॉइंट कुठाय?" आत पाणी तापवणारी कॉइल असते, मिक्सरच्या सॉकेटवर भागत नाही. इलेक्ट्रिशियन उगवला दोन दिवसांनी. मग नळाचे आटे जुळेनात. मशीनच्या पाइपला पाऊण इंची नट, आमचा कॉक अर्धा इंची. हार्डवेअरवाल्याकडे दोन फेऱ्या. शेवटी सांडपाण्याचा पाइप सिंकखाली लोंबता सोडून फिटर पसार. पहिल्याच रात्री मशीन पाणी घेतंय, सोडतंय, घेतंय, सोडतंय, आणि मग दिवे लुकलुकायला लागले. पाइप खाली लोंबला की आतलं पाणी आपसूक ओढलं जातं, त्याला आधी वर कमान द्यावी लागते, हे मला पुस्तिकेतल्या चित्रावरून कळलं. परकराच्या नाडीने बांधून वर घेतला. ती नाडी अजून तिथेच आहे.

आता बोला.

बिडाचा_तवा:
बोलते. हिंडालियमची कढई कुठे घासता? माझ्या नणंदेनं हिंडालियमचा कुकर मशीनमध्ये टाकला, काळाठिक्कर होऊन बाहेर आला, हात लावला तर काजळी. लोखंडी तवा गंजतो, पोळपाट-लाटणं तडकतं, पितळेचा रंग उडतो. उरलं काय? ताट-वाट्या. त्या मी फोनवर बोलता बोलता विसळते हो.

खरकटवैरीण:
ताट-वाट्याच तर ढिगानं असतात! माझा कुकर स्टीलचा, शिटी नि रिंग काढून आत जातो. आणि बिडाचा तवा मी मावशींनाही घासू देत नव्हते. तुम्ही देता?

बिडाचा_तवा:
देत नाही. पण मुद्दा तो नाही.

टँकरग्रस्त:
खरा मुद्दा पाणी. आमच्याकडे बोअर आणि टँकर. महिन्याभरात काचेचे ग्लास दुधी झाले. कुणीतरी म्हणालं मीठ घाल, मी घरातलं बारीक आयोडीनवालं ओतलं. मेकॅनिकने आतली गुठळी दाखवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. ते मीठ भांड्यांसाठी नसतं, पाणी मऊ करणारं जे रेझिन आत असतं त्याला लागतं. जाड, बाकी काही न मिसळलेलं. मीठ, पावडर, रिन्स एड (शेवटच्या धुण्यात पडणारं, डाग न राहू देणारं द्रव) हा दर महिन्याचा खर्च बजेटवाले कधी मोजत नाहीत.

उंबरठा:
सगळ्यांनी सगळं मोजलं. ज्या मावशींचं काम गेलं त्यांचं कुणी मोजलं?

सोमवारचा_खाडा:
आला का मुद्दा! आमच्या मावशी महिन्यात सहा खाडे करतात, तेही न सांगता. पाहुणे असले की हमखास. मशीन निदान गावाला जत्रेला जात नाही.

उंबरठा:
तुम्हाला आठवड्याला दोन सुट्ट्या. त्यांना किती? 2008 साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. इथल्या किती जणांनी आपल्या मावशींना नोंदणीला मदत केली? हात वर करा.

सोमवारचा_खाडा:
भाषण नको. तुम्ही केली?

उंबरठा:
नाही. म्हणूनच टोचतंय.

सोमवारचा_खाडा:
हा हा. चालू द्या.

राखुंडी:
हसू नका. माझी आई पाच घरची भांडी घासायची. आधी राखेनं, मग पावडरीनं. नखांच्या कडा कायम सुजलेल्या, रात्री खोबरेल लावून बसायची. भाकरी मोडताना बोटं आखडायची म्हणून मी मोडून द्यायचो. नोकरी लागल्यावर चौथ्या वर्षी मशीन घेतलं. पहिल्या दिवशी आईनं सगळी भांडी लखलखीत घासली आणि मगच आत ठेवली. का, तर "मशीनला खरकटं कशाला दाखवायचं?" सहा महिने हेच.

मावशींच्या काळजीपोटी मशीनला नाकं मुरडणाऱ्यांनी डिसेंबरात सकाळी साडेसहाला गार पाण्यात हात घालून बघावा. आणि 'मावशींच्या कटकटीतून सुटलो' म्हणणाऱ्यांनी त्यांना किती देत होतो तो आकडा इथे लिहावा.

खरकटवैरीण:
लिहिते. मावशी गेल्या नाहीत, केर-लादी आणि जड भांडी त्याच करतात. मशीन आल्यावर 300 रुपये कमी केले. हो, केले.

उंबरठा:
21 हजारांचं मशीन आणि 300 ची काटकसर. साष्टांग नमस्कार.

खरकटवैरीण:
टोमणा पोचला. तुम्ही नोंदणीचं बघा, मी 300 चं बघते.

टँकरग्रस्त:
मिठाबद्दल कुणी काहीच बोललं नाही. असो.

बिडाचा_तवा:
धागा भरकटलाच आहे तर विचारून घेते. ते पाऊण इंचीचं नक्की काय मागायचं दुकानात? जावेला हवंय.

खरकटवैरीण:
अर्धा-पाऊणची टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, कॉकसकट. आणि जाऊबाईंना म्हणावं, आधी 16 चा पॉइंट काढून घ्या.