चर्चा: ओएसच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या) प्रॅक्टिकलला एक्सव्ही६ क्यूएमूतच (संगणकात दुसऱ्या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच) ठेवायचं की बोर्डावर चढवायचं?

फीडर_नं_३

आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजांत ओएसचं प्रॅक्टिकल म्हणजे राउंड रॉबिनचं गणित सी-मध्ये लिहा, बँकर्स अल्गोरिदमचा तक्ता छापा, जर्नलवर सही घ्या. काही ठिकाणी आता एमआयटीचं एक्सव्ही६ आलंय, हे चांगलंच झालं. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवरचं, दहा हजार ओळींच्या आतलं शिकवणीचं कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा. २००६ मध्ये एक्स८६ (इंटेलच्या) प्रोसेसरसाठी लिहिलेलं, २०१९ पासून वर्गात रिस्क-५ या खुल्या रचनेच्या प्रोसेसरवर. पण गाडी तिथेच अडते. मेक मारलं, डॉलरचा प्रॉम्प्ट आला, एक सिस्टम कॉल वाढवला, झालं.

माझं म्हणणं असं, की शेवटच्या वर्षाला हेच कर्नल खऱ्या बोर्डावर चढवणं सक्तीचं असावं. लॅबला व्हिजनफाइव्ह २ चे (रिस्क-५ चा छोटा संगणक) दोन बोर्ड पुरतात. क्यूएमू चुका पोटात घालतो, बोर्ड घालत नाही.

ठेचा_भाकर

विरोध. आठवड्याला दोन तासांचं प्रॅक्टिकल, त्यात पाचच्या एसटीनं अर्धी पोरं गावी जातात. बोर्ड लॅबच्या कपाटात राहतो, क्यूएमू पोराच्या लॅपटॉपमध्ये घरी जातो. ज्याच्यावर रात्री दहाला हात मारता येतो तेच शिकून होतं.

आणि पोर्टिंगमध्ये (दुसऱ्या मशीनवर नेण्यात) शिकायला मिळतं काय? या चिपचा यूएआरटी (टर्मिनलशी अक्षरांची देवघेव करणारा भाग) कुठल्या पत्त्यावर, त्या चिपचं घड्याळ किती मेगाहर्ट्झचं. हे कंपनीच्या मॅन्युअलचं पाठांतर झालं, ओएस नाही. पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचा तक्ता), ट्रॅप (चूक किंवा सिस्टम कॉल आला की कर्नलकडे जाणं), लॉक, फाइल सिस्टमचा लॉग, एवढं नीट समजलं तरी सत्र पुरत नाही भाऊ.

फीडर_नं_३

पत्त्यांचंच म्हणता, तर तो यूएआरटीच घेऊ. क्यूएमूच्या व्हर्ट या बनावट मशीनवर १६५५० जातीच्या यूएआरटीची रजिस्टरं एकेक बाइटच्या अंतरावर आहेत. व्हिजनफाइव्हच्या जेएच७११० चिपवर चार-चार बाइटच्या. दोन्हीकडे पहिल्या यूएआरटीचा पत्ता हेक्स १००००००० च, म्हणून पोरगं म्हणतं "इथे काही बदलायचं नाही". एक्सव्ही६ अक्षर पाठवण्याआधी लाइन स्टेटस रजिस्टरचा पाचवा बिट बघत थांबतं. ते रजिस्टर पाचव्या क्रमांकाचं, म्हणजे बोर्डावर २० बाइट पुढे. कोड मात्र ५ व्या बाइटवर वाचतो. तिथे इंटरप्ट एनेबल रजिस्टरचा वरचा रिकामा बाइट आहे, तो कायम शून्य. लूप संपतच नाही, स्क्रीनवर एक अक्षर येत नाही.

हे सुधारलं तरी पुढचा खड्डा तयारच. एक्सव्ही६ बॉड रेटच्या (अक्षरं पाठवण्याच्या वेगाच्या) डिव्हायझरमध्ये, म्हणजे घड्याळाच्या भाजकात, ३ लिहितं. क्यूएमू बॉड रेटकडे बघतही नाही. बोर्डावर यूएआरटीला २४ मेगाहर्ट्झ मिळतात. २४० लाख भागिले (१६ गुणिले ३) म्हणजे ५,००,००० बॉड. टर्मिनल १,१५,२०० वर, मग दिसतो नुसता कचरा. डिव्हायझर १३ हवा, किंवा त्याहून सोपं म्हणजे यू-बूटनं (बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रामनं) लावून ठेवलेल्या सेटिंगला हातच लावायचा नाही. "हार्डवेअर ॲब्स्ट्रॅक्शन" ही व्याख्या पेपरात लिहिणारं पोरगं इथे पहिल्यांदा बघतं, की ती कशासाठी असते.

कोळसा_पट्टा

यूएसबी-टीटीएलची वायर ३.३ व्होल्टचीच घ्या. ग्राउंड ग्राउंडला, टीएक्स आरएक्सला उलटसुलट, आणि लाल वायर जोडायचीच नाही. पाच व्होल्टवाली लावली तर पिन जळायची भीती, मग दोन बोर्डांचा एकच उरतो.

रजिस्टरवाली

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. पण फीडरदादा, "क्यूएमू चुका पोटात घालतो" हे क्यूएमूला तसं सांगितलं तरच खरं.

उदाहरण. पेज टेबलच्या नोंदीत सहावा बिट ॲक्सेस्ड (पान वापरलं) आणि सातवा डर्टी (पानावर लिहिलं). रिस्क-५ चं स्पेसिफिकेशन दोन्ही पद्धती चालवून घेतं: हार्डवेअरनं ते बिट स्वतः लावावेत, किंवा पेज फॉल्ट, म्हणजे पानाची चूक कर्नलला कळवणारा ट्रॅप, द्यावा. क्यूएमू डीफॉल्टला स्वतः लावतो. जेएच७११० मधला यू७४ कोर फॉल्ट देतो. एक्सव्ही६ हे बिट लावतच नाही. म्हणून बोर्डावर "एक्सव्ही६ कर्नल इज बूटिंग" ही ओळ छापून होते आणि त्यापुढे सामसूम. कारण मेन फंक्शनच्या क्रमात आहे. आधी पेजिंग चालू होतं, ट्रॅपचा पत्ता त्यानंतर भरला जातो. पेजिंग चालू होताच पुढची सूचना (इन्स्ट्रक्शन) आणतानाच फॉल्ट, आणि फॉल्ट जाणार कुठे, तर ट्रॅप रजिस्टरमध्ये जे काही पडलंय तिथे.

हेच घरी लॅपटॉपवर बघता येतं. क्यूएमू ८.२ मध्ये सीपीयूच्या पर्यायांत स्वाडू (हे बिट हार्डवेअरनं लावण्याची सोय) बंद करायचं. अगदी नव्या आवृत्तीत स्वेड (फॉल्ट देण्याची पद्धत) चालूही करावं लागतं. मग तीच ओळ, तीच सामसूम. फरक एवढाच की इथे जीडीबी (डीबगर) लावून एसकॉज या, ट्रॅपचं कारण सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये १२ आकडा बघता येतो, म्हणजे सूचना आणतानाचा पेज फॉल्ट. दुरुस्ती मॅपपेजेस फंक्शनमध्ये, एका ओळीची: परवानग्यांसोबत हे दोन बिटही लावा. घाईत काही जण वॉक फंक्शनमधल्या मधल्या पातळीच्या नोंदींनाही लावतात. ते करू नका, पानाकडे थेट न नेणाऱ्या नोंदीत ते बिट शून्यच असायला हवेत.

दुसरं म्हणजे, पोर्टिंगच शिकवायचं तर व्हर्टवरून क्यूएमूच्याच सिफाइव्ह_यू मशीनवर न्या. रॅम तिथेही हेक्स ८००००००० पासूनच, पण यूएआरटी सिफाइव्हचा स्वतःचा, हेक्स १००१०००० वर. पाठवण्याचं रजिस्टर भरलंय की नाही ते ३१ वा बिट सांगतो, आणि ट्रान्समिट आधी चालू करावं लागतं. व्हर्टिओ (क्यूएमूची बनावट) डिस्क नाही, म्हणून रॅमडिस्क (रॅममध्येच ठेवलेली डिस्क) लिहावीच लागते. आणि हार्ट (रिस्क-५ च्या भाषेत सीपीयू कोर) ० हा ई५१ कोर, ज्याला सुपरवायझर मोडच (कर्नल ज्यात चालतं तो) नाही. एक्सव्ही६ चं मेन म्हणतं "सीपीयू आयडी शून्य असेल तर सगळी सुरुवातीची कामं कर, बाकीच्यांनी थांबा". शून्याला एन्ट्रीतच झोपवलं की काम करायला कोणीच उरत नाही, बाकीचे सगळे थांबूनच राहतात. बरोबर हाच घोटाळा व्हिजनफाइव्हवरही होतो, तिथला हार्ट ० सुद्धा असाच एस७. बोर्ड न घेता धडा तोच.

ठेचा_भाकर

ताईंनी सिफाइव्ह_यू काढून माझंच काम सोपं केलं. मग बोर्डाचा हट्ट कशाला?

घरी चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो, कुठल्या नोटमध्ये सापडत नाही. एक्सव्ही६ डीफॉल्टला तीन सीपीयू मागतं. जुन्या आवृत्तीतला शेड्युलर काम नसलं तरी गरगर फिरतो, डब्ल्यूएफआय (इंटरप्ट येईपर्यंत थांब) सूचना नाही. म्हणजे नुसता प्रॉम्प्ट उघडा ठेवला तरी लॅपटॉपचे तीन कोर शंभर टक्के. लोडशेडिंगमध्ये बॅटरी बघता बघता बसते, मे महिन्यात तर पंखा किंचाळायला लागतो. मेकला सीपीयूएस १ द्या. शेड्युलरच्या फेरीत चालवण्याजोगी प्रोसेस सापडली नाही तर इंटरप्ट चालू करून डब्ल्यूएफआय टाका. ही दुरुस्ती असाइनमेंट म्हणून द्यायला मस्त आहे. ॲरेवर नुसती नजर फिरवून भागत नाही, इंटरप्ट बंद ठेवून झोपवलं तर काय होतं हे पोराला विचार करून सांगावं लागतं.

कापूसकोंड्या

आमच्या लॅबला उबंटू २२.०४ आहे, नवं एक्सव्ही६ चालून नाही राहिलं. क्यूएमूची आवृत्ती जुनी म्हणते. नेटही धड नाही. काय करावं?

रजिस्टरवाली

२२.०४ मध्ये क्यूएमू ६.२ येतो, नव्या एक्सव्ही६ ला किमान ७.२ लागतो. टायमरसाठी ते एसएसटीसी (कर्नलला थेट टायमर लावू देणारं) एक्स्टेन्शन वापरतं, ते जुन्या क्यूएमूत नाही. डेबियन १२ मध्ये ७.२ आहे, उबंटू २४.०४ मध्ये ८.२. मशीन बदलता येत नसेल तर एक्सव्ही६ ची जुनी शाखा घ्या, जिच्यात टायमर मशीन मोडमधून (सगळ्यात जास्त अधिकाराच्या पातळीवरून) क्लिंट या टायमरच्या भागानं चालतो. ती ६.२ वर चालते.

नेटचं म्हणाल तर जिथे रेंज आहे तिथे त्याच आवृत्तीच्या एका मशीनवर रिस्क-५ चं जीसीसी, बिनयूटिल्स, क्यूएमूचं मिस्क पॅकेज आणि जीडीबी-मल्टिआर्च उतरवा. एपीटीच्या कॅशमधल्या सगळ्या डेब फाइली पेनड्राइव्हवर घेऊन लॅबमध्ये डीपीकेजीनं एकदम बसवा. एकेक करून बसवायला गेलात तर डिपेंडन्सीच्या मागे दिवस जाईल. सोर्स घेताना गिटला डेप्थ १ द्या.

फीडर_नं_३

सिफाइव्ह_यू चांगली सूचना आहे, पहिल्या महिन्यात तेच करा. तरी दोन गोष्टी तिथे दिसणार नाहीत.

एक, फेन्स डॉट आय, म्हणजे सूचनांची कॅश ताजी करणारी सूचना. एक्झेक (प्रोग्राम चालू करणारा सिस्टम कॉल) नवा प्रोग्राम मेमरीत लिहितं ते डेटा कॅशमधून. यू७४ ची सूचनांची कॅश ते आपोआप बघत नाही. शेल चालतं, एलएस चालतं, मग एखादा प्रोग्राम अधेमधे "इल्लीगल इन्स्ट्रक्शन"नं मरतो, कारण त्या पानावर आधीच्या प्रोग्रामच्या सूचना अजून कॅशमध्ये. क्यूएमू लिहिलेल्या कोडवर स्वतः लक्ष ठेवतो, त्याला कितीही कडक केलं तरी हा दोष येत नाही. आणि एक्झेकमध्ये एकदा सूचना टाकून भागत नाही, ती चालते त्याच हार्टपुरती. प्रोसेस दुसऱ्या हार्टवर उठली की पुन्हा तेच. यूझर मोडमध्ये परतण्याच्या वाटेवर टाका. थोडं हळू होतं, शिकवणीच्या कर्नलला चालतं.

दोन, आपल्या खाली आधीच कोणी बसलेलं असणं. बोर्डावर मशीन मोड ओपनएसबीआयच्या (कर्नलच्या खाली बसणाऱ्या फर्मवेअरच्या) ताब्यात. एक्सव्ही६ चं स्टार्ट तसंच ठेवलं तर एमस्टेटसला (मशीन मोडच्या रजिस्टरला) हात लावताच इल्लीगल इन्स्ट्रक्शन. ते सगळं काढा, लिंकर स्क्रिप्टमध्ये हेक्स ४०२००००० टाका, इएलएफचं ऑब्जकॉपीनं बिन करा, यू-बूटमधून गो द्या. आता लक्ष ठेवा: गो कमांड ए-शून्य रजिस्टरमध्ये हार्टचा क्रमांक देत नाही, आर्गसी (आर्ग्युमेंटची संख्या) देते, म्हणजे १. पोरं त्यालाच हार्ट १ समजतात आणि योगायोगानं कधी चालतंही. बाकीचे हार्ट एसबीआयच्या हार्ट स्टार्ट कॉलनं उठवायचे, टायमरही एसबीआयकडूनच मागायचा. यू७४ मध्ये एसएसटीसी नाही. आणि घड्याळ क्यूएमूत १० मेगाहर्ट्झ, इथे ४. दहा लाखांचा टप्पा तसाच ठेवलात तर ०.१ सेकंदाची टिक ०.२५ ची होते.

रजिस्टरवाली

दुसरा मुद्दा घरीही होतो दादा. व्हर्टवर "बायोस नन" हा पर्याय काढून टाका, क्यूएमू सोबतचं ओपनएसबीआय आपोआप चढवतो, कर्नल हेक्स ८०२००००० वर न्यायचं. ए-शून्यमध्ये हार्टचा क्रमांक तिथे खरा मिळतो. फेन्स डॉट आय मात्र मान्य, त्याला बोर्डच पाहिजे.

कोळसा_पट्टा

मिल्क-व्ही ड्युओ बोर्ड स्वस्त पडतो, त्यावर कोणी का बोलत नाही? फक्त रॅम ६४ एमबी, आणि एक्सव्ही६ १२८ धरून चालतं. फिजटॉप (कर्नल रॅमचा शेवट जिथे मानतं तो पत्ता) बदललं नाही तर सुरुवातीला मोकळी पानं जोडतानाच, प्रत्येक पान खुणेच्या बाइटनं भरताना, कर्नल रॅमच्या बाहेर जाईल.

ठेचा_भाकर

ठीक. म्हणजे एका सूचनेसाठी बोर्ड. तेवढ्यासाठी सक्ती नको. सिफाइव्ह_यू सगळ्यांना, बोर्ड प्रोजेक्ट घेणाऱ्या दोन गटांना. आणि मार्क प्रॉम्प्ट आला म्हणून देऊ नका, तो पेनड्राइव्हवरून एकमेकांकडे पोचतो. तोंडीला मॅपपेजेसमधला ॲक्सेस्ड बिट काढून द्या आणि विचारा, कुठे थांबेल, शेवटची ओळ कोणती दिसेल.

फीडर_नं_३

तोंडीचं पटलं. सक्तीचं नाही. दोन गटांना बोर्ड दिला की बाकीचे गट त्यांच्याच स्क्रीनचा फोटो जर्नलला लावतात. बोर्ड द्यायचा तर प्रत्येक गटाला निदान एक प्रॅक्टिकल द्या, फक्त फेन्स डॉट आयचं: काढून चालवा, टाकून चालवा, यूझरटेस्ट्स (एक्सव्ही६ च्या चाचण्या) दोन्ही वेळा पूर्ण चालवून कुठली चाचणी पडली ते लिहा.

ठेचा_भाकर

रॅमडिस्क नव्या आवृत्तीत दोन हजार ब्लॉकची, दोन एमबीची. यूझरटेस्ट्स पूर्ण चालायला वेळ लागतो, त्यात मधेच लाइन गेली तर सगळं पहिल्यापासून. आधी बोर्डाला पॉवरबँक लावा, मग बोला.