नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश : फुकटच्या डाउनलोडसोबत तुमच्याकडे काय काय आलं?

दिवाळीत घरी गेलो तर बाबांच्या लॅपटॉपवर वरात उतरलेली. मराठी टायपिंगसाठी त्यांनी कुठलंसं फुकट सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते चालत नव्हतंच, पण ब्राउझरच्या डोक्यावर तीन टूलबार, होमपेज भलतंच, आणि कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात १३८४ चुका सापडल्या, दुरुस्तीसाठी पैसे भरा'. बाबा म्हणे, "मी फक्त नेक्स्ट नेक्स्ट केलं." तुमच्याकडचे किस्से लिहा. काढलं कसं तेही लिहा.

डीटीपीवाला
आमच्या दुकानात पीडीएफ जोडायच्या सॉफ्टवेअरबरोबर असाच पाहुणा आला. कंट्रोल पॅनेलमधून काढला, तरी क्रोम उघडलं की त्याचंच पान. शेवटी डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या. 'टार्गेट'च्या रकान्यात क्रोम डॉट इएक्सइच्या पुढे एक जागा सोडून त्यांचा पत्ता चिकटवलेला! खोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) 'अपडेटर' नावाचं एक काम दडलं होतं, लॉगिन केलं की ते पत्ता परत चिकटवायचं. ते उडवलं तेव्हा सुटलो. तोवर लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक दोन तास समोर बसून.

एक आई
लेकाने जुना अँटिव्हायरस असताना दुसरा फुकटचा टाकला. दोघेही प्रत्येक फाइल तपासणार, म्हणजे वर्ड उघडायला लावून चहा करून यावं. एक काढला.

कोथरूडकर
अँटिव्हायरस असून हे आत येतं कसं, असं सगळे विचारतात. हा रूढ अर्थाने व्हायरस नाही, कारण आधीच टिक केलेल्या चौकोनाला आपणच होकार देतो. त्याला नाव आहे 'नको असण्याची शक्यता असलेलं सॉफ्टवेअर'. किती ते सौजन्य! विंडोज १० मध्ये २०२० च्या मे अपडेटपासून ते अडवायची सोय आहे: विंडोज सिक्युरिटी, ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, मग रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन. चालू आहे का बघा.

आणि नावाजलेल्या साइटवर डोळे झाकून जाऊ नका. सोर्सफोर्ज हे मुक्त सॉफ्टवेअरचं माहेरघर. २०१३ मध्ये तिथे इन्स्टॉलरला जोड-सॉफ्टवेअर लावण्याची योजना आली. जिंप हे चित्रं-फोटो सुधारायचं मुक्त सॉफ्टवेअर बनवणारे त्याच वर्षी वैतागून बाहेर पडले. २०१६ मध्ये मालक बदलले तेव्हा कुठे ती योजना बंद झाली.

नुसतीच वाचक
मी व्हीएलसी (व्हिडिओ बघायचं फुकट सॉफ्टवेअर) शोधत होते. पानावर 'डाउनलोड'ची चार हिरवी बटणं, त्यातली तीन जाहिराती. अर्थात मी त्या तिघींपैकीच एक दाबलं. आता मूळ बनवणाऱ्यांच्याच साइटवर जाते, आणि 'कस्टम' निवडून एकेक टिक काढते. 'रेकमेंडेड' म्हणजे त्यांच्या सोयीचं, आपल्या नव्हे.

धागाकर्ता
डीटीपीवाले, बाबांच्याही शेड्युलरमध्ये तसलंच काम निघालं, धन्यवाद. टायपिंगसाठी विंडोज १० मध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी उमटवणारा, आहे (२०१९ च्या मे अपडेटपासून), भाषेच्या सेटिंगमधून जोडून दिला. वेगळं काही उतरवायची गरजच नव्हती. आता 'ज्ञ' कसा काढायचा, हे विचारायला रोज फोन येतो.