कुलाबा किल्ल्यावरचा तुमचा दिवस कसा गेला?

अलिबागला जाऊन किनाऱ्यावरूनच समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याचे फोटो काढून परतलेले खूप भेटतात. आत जाऊन आलेल्यांनी इथे लिहा, काय बघितलंत आणि काय राहून गेलं.

सुरुवात मीच करते. आईचे गुडघे दुखरे, म्हणून घोडागाडी केली. पाणी अजून पुरतं ओसरलं नव्हतं. मध्यावर चाकं अर्धी बुडाली तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला, पण गाडीवाल्याला विचारत होती, "घोड्याला थंडी नाही का हो वाजत?" आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणेश पंचायतन आहे. आई तिथून हलेचना. शेवटी गाडीवालाच हाक मारायला आला, "आजी, चला, पानी भरायला लागलं."

*

मी अलिबागचाच. बाहेरून येणारे रविवार बघून येतात, तिथी कोणी बघत नाही. मग दुपारभर किनाऱ्यावर बसून शहाळी पितात. हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नवाच्या सुमारास. चालत जा, गणपतीचं दर्शन घ्या, पाणी चढायच्या आत परत या. अष्टमीची ओहोटी बाराला येते, वेळ सोयीची, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही कमजोर, पाणी पुरतं हटतच नाही. पुनवेला आणि अवसेला पाणी झक्क खाली जातं, पण ते सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. एवढं करूनही निघण्यापूर्वी गाडीवाल्यांना विचारा. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे.

*

मी बांधकामातला माणूस, त्यामुळे देवळाआधी तटाशी थांबलो. प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचलेत, सांध्यात चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आम्ही हल्ली सगळं गच्च बंद करायच्या मागे असतो. भरती चढताना तटाच्या पायथ्याशी (सुरक्षित अंतरावरून!) नुसतं बघत उभं राहा, पुस्तकात वाचण्यापेक्षा लवकर कळतं. मुलं कंटाळली, बायको वैतागली, मी मात्र तिथून निघायला तयार नव्हतो.

*

तोफा कशा विसरलात सगळे? उत्तरेच्या तटावर दोन आहेत, चाकांच्या गाड्यावर. अंगावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. माझ्या भाच्याने ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

*

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा कुलाबा आहे. १९८१ साली रायगड झाला. तरुण मंडळींना मुंबईचा कुलाबा तेवढा ठाऊक. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचं काम सुरू करवलं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथूनच हलायचं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, हात हलवत परत गेले. किल्ला बघून झाला की गावातली कान्होजींची समाधी चुकवू नका. लोक समुद्रावरून थेट जेवायच्या रांगेत जातात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. शेजारचा छोटा सर्जेकोटही बघण्यासारखा आहे. ओहोटीला दगडांच्या वाटेने जाता येतं. शेवाळ असतं, चपला जपून.

*

दिवाळीनंतरच्या संकष्टीला सासू-सासऱ्यांना घेऊन जायचा विचार आहे. चालेल ना?

*

(वरचा अलिबागकर) वेळ जुळते, पण त्या दिवशी दर्शनाची गर्दी असेल. ज्येष्ठ मंडळी आहेत तर दुसऱ्या दिवशी पंचमीला या. भरती पावणेचारला, ओहोटी पावणेदहाला. आठला किनाऱ्यावर हजर राहा, नाश्ता परतल्यावर.