‘रीसायझिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : माँटानातल्या एका शिकाऱ्याच्या आठवणींचा अनुवाद करते आहे. हा माणूस बर्फाच्या दिवसांत गॅरेजमध्ये बसून आपल्या .३०-०६ रायफलची वापरलेली पितळी काडतुसं पुन्हा भरतो. भरण्याआधी ‘केस रीसायझिंग’. मी ‘काडतुसांचा आकार बदलतो’ असं लिहिलंय, पण मनाला पटत नाही. ‘केस’ तसंच ठेवलं तर वाचकाला आधी डोक्यावरचे केस आठवणार, मग कोर्टातली. जाणकारांनी सुचवावं.

उत्तर : ताई, टूलरूममध्ये तीस वर्षं डायवर, म्हणजे धातू दाबून घडवायच्या पोलादी ठोकळ्यांवर, काम केलंय, म्हणून लिहितो. आधी ‘केस’. मराठीत चांगला शब्द आहे, पुंगळी. ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ हे आपण पेपरात वाचतोच. काडतूस म्हणजे टोपी (दारू पेटवणारी), दारू, गोळी सगळं धरून. बार उडाल्यावर हातात उरते ती पुंगळी. म्हणून काडतूस रीसाइझ होत नाही, पुंगळी होते.

आता ‘आकार’. बार उडतो तेव्हा दाबानं पितळ फुगतं आणि नळीच्या मागच्या कोठीला आतून चिकटतं. त्यामुळं धूर मागं येत नाही. दाब उतरला की पितळ किंचित आकसतं, म्हणून पुंगळी बाहेर निघते. पण होती तेवढी बारीक होत नाही. तोंडही सैल झालेलं असतं, नवी गोळी धरणार नाही. मग तिला तेलाचा हात लावून, लिव्हर ओढून पोलादी डायमध्ये दाबतात. यात आकार तोच राहतो, सुटलेलं माप परत येतं. आम्ही शॉपमध्ये म्हणायचो, ‘जॉब मापात आणला’. तुमचा शिकारी पुंगळ्या मापात आणतो. ‘पुनराकारण’ वगैरे कृपया नको. आकार वेगळा, माप वेगळं, हा भेद मराठीत शाबूत आहे, तो अनुवादात घालवू नये.

डायला डायच म्हणा. ‘साचा’ म्हटलं की ओतकाम डोळ्यांपुढं येतं.

प्रश्नकर्ती : फार आभार. पुंगळीच्या भागांचं काय? इंग्रजीत ‘हेड’ खालच्या टोकाला आहे आणि ‘माउथ’ वर! शिवाय कधी तो फक्त ‘नेक’ रीसाइझ करतो.

दुसरं उत्तर : भांड्यांकडे बघा. तांब्याला, कळशीला बूड असतं, गळा असतो, तोंड असतं, काठ असतो. ‘हेड’ म्हणजे जिथं टोपी बसते ते बूड. ‘डोकं’ लिहिलंत तर वाचक पुंगळी उलटी धरेल. ‘नेक’ला मान नको, गळा म्हणा. मात्र ‘गळा आवळतो’ असं लिहू नका, खून झाल्यासारखं वाटेल. ‘नुसतं तोंड आवळून घेतो’ पुरेल.

पुढं ‘सीझन क्रॅकिंग’ येईल, तिथं सांभाळा. हा सीझन म्हणजे आपला पावसाळा. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांना पावसाळ्यात चिरा पडायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दाबून घडवलेल्या पितळात राहिलेला ताण, दोन्ही मिळून ते व्हायचं. हा उलगडा १९२१ मध्ये झाला. म्हणून पितळ साफ करायला अमोनिया वापरू नये म्हणतात. ‘हंगामी भेगा’ लिहिलंत तर यातलं काहीच पोचणार नाही. ‘पावसाळी चिरा’ लिहा.

आणि काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. मुळात अर्थ कागदाची गुंडाळी. १८५७ ची चरबी लावलेली काडतुसं कागदाचीच होती.

प्रश्नकर्ती : वाक्य असं केलंय : ‘त्या रात्री त्यानं पन्नास पुंगळ्या पुसल्या, तेलाचा हात लावला आणि एकेक करून डायमध्ये दाबून मापात आणली.’

पहिलं उत्तर : ‘आणल्या’ करा, पुंगळ्या पन्नास आहेत. आणि ‘तेलाचा हात’च्या आधी ‘हलका’ घाला. तेल जास्त झालं की डायमध्ये साचतं आणि पुंगळीच्या खांद्याला, म्हणजे गळ्याखालच्या उताराला, पोचा पडतो. मुरलेला माणूस दोन बोटांनीच लावतो.