जानेवारीत कल्पा-ताबो-काझा, ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन केलीये, थंडीसाठी काय काय करावं लागेल?

सह्यकन्या (पुणे)

नमस्कार मंडळी, आमच्याकडे जुनी फोर्स ट्रॅव्हलर आहे, छोट्या व्हीलबेसची, डिझेल. आतून बेड, ओटा, सिंक, पाण्याची टाकी, वर सोलर आणि खाली लिथियम बॅटरी असं सगळं झालंय. कोकण आणि कर्नाटकात फिरून झालं, मस्त चालते. आता जानेवारीत शिमला, नारकंडा, कल्पा, नाको, ताबो करत काझापर्यंत जायचं मनात आहे. मी, नवरा आणि सासूबाई, वय ६६. त्यांनाच जास्त हौस आहे, बर्फात गाडीतच झोपायचं म्हणतात, फक्त बीपीची गोळी चालू आहे.

भिंती आणि छप्पर अजून उघडेच आहेत, नुसता पत्रा. आमचे फॅब्रिकेटर म्हणतात ग्लासवूल भरून वर प्लाय मारू, स्वस्तात होईल. आणि गरमीसाठी जाळीवाला छोटा गॅस हीटर घ्या म्हणतात, जो सिलेंडरवर बसतो तो. मला दोन्ही पटत नाहीये पण नक्की का ते सांगता येत नाही. काझ्याला रात्री उणे २० च्या खाली जातं असं ऐकलंय. ज्यांनी खऱ्या थंडीत गाडीत रात्री काढल्यात त्यांनी प्लीज सविस्तर सांगा. आईंना त्रास झाला तर सगळी ट्रिपच नको असं माझं मत आहे.

म्युनिकवाला

ताई तुमची शंका एकदम बरोबर आहे, आधी हीटरचं बोलतो कारण तो जिवाचा प्रश्न आहे. तो जाळीवाला गॅस हीटर गाडीत झोपताना अजिबात नको, कोळशाची शेगडी पण नको, पाच मिनिटं सुद्धा नको. तो आतलीच हवा खातो आणि ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड सोडतो, ज्याला वास नाही रंग नाही. दरवर्षी थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं गेल्याच्या बातम्या येतातच. आणि तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी फार कोणी बोलत नाही. या वायूची पहिली लक्षणं म्हणजे डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं. उंचीवर हवा विरळ असल्याने जो त्रास होतो त्याचीही लक्षणं हीच! म्हणजे ताबोला आईंचं डोकं दुखलं तर तुम्ही म्हणणार उंचीमुळे असेल, झोपा जरा, आणि तेच जीवघेणं ठरू शकतं. त्यामुळे हीटर कुठलाही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्याच, गाड्या आणि बोटींसाठीचा ईएन ५०२९१-२ हे मानक लिहिलेला, आणि उशीच्या आसपासच्या उंचीवर लावा.

दुसरं, गॅस जळला की पाणी तयार होतं. एक किलो गॅस जळला की साधारण दीड लिटर पाणी वाफ होऊन तुमच्याच हवेत येतं. ते पत्र्यावर जाऊन बसतं आणि पहाटे गोठतं. तीन माणसांच्या नुसत्या श्वासातूनही रात्रभरात बरंच पाणी निघतं. आम्ही इकडे दर हिवाळ्यात आल्प्समध्ये डुकॅटो (फियाटची व्हॅन) घेऊन जातो आणि माझं ठाम मत झालंय की व्हॅनमध्ये थंडीपेक्षा ओल जास्त छळते. गादी ओली, गोधडी ओली, मग हीटर कितीही लावा ऊब येत नाही.

म्हणून डिझेल एअर हीटर. तो जळायला हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो, आत येते ती फक्त कोरडी गरम हवा. तुमच्या गाडीला २ किलोवॅटचा पुरेल, ५ चा घेऊ नका. मोठा हीटर सतत मंद चालतो आणि मंद चालला की काजळी धरतो. हीटर चालू असतानाही वरचा व्हेंट बोटभर उघडा आणि खाली कुठेतरी हवा आत यायला जागा ठेवा. थंडीत खिडकी उघडी ठेवायची हे ऐकायला उलटं वाटतं पण बाहेरची हवा तिथे कोरडी असते, ती आत येऊन तापली की ओल उचलून घेऊन जाते.

ग्लासवूल नको. मागे पत्रा गार, पुढे प्लाय, मधे वाफ शिरणार, लोकर भिजणार आणि पत्रा आतून गंजणार. बंद पेशींचा नायट्राइल रबर फोम घ्या, १९ मिमी, थेट पत्र्याला चिकटवा, मधे पोकळी नको. पत्र्याच्या ज्या उभ्या फासळ्या आहेत ना, त्यांच्यावरूनही पातळ पट्टी न्या नाहीतर नेमकी तिथेच पाण्याची ओळ दिसेल.

वर्कशॉप_भोसरी

वरच्या दादांनी चांगलं सांगितलं. नायट्राइल रबर इथे सहज मिळतो, एसी डक्टिंगचं मटेरियल विकणाऱ्यांकडे काळे रोल असतात, मागच्या बाजूला गम लावलेला घ्या. लावायच्या आधी पत्रा थिनरने पुसा, गंज असेल तर घासून प्राइमर मारा. दाराच्या आतली पाणी निघायची भोकं बुजवू नका, लोक हमखास बुजवतात. फ्लोअरला फोम चालणार नाही, दबतो, तिथे एक्सपीएसची (न दबणारं, थर्माकोलसारखं) कडक शीट आणि वर १२ मिमीचा प्लाय.

ट्रॅव्हलरमध्ये खरी उष्णता जाते ती काचांमधून, एवढ्या मोठमोठ्या काचा आहेत. ज्या खिडक्या लागत नाहीत त्या आतून कायमच्या पॅक करून टाका. बाकीच्यांना मापाचे कव्हर शिवून घ्या, आणि ड्रायव्हर केबिन आणि मागचा भाग यांच्यात जाड पडदा टाका, छतापासून फ्लोअरपर्यंत, खाली फट नको. समोरच्या काचेचं कव्हर बाहेरून टाकलेलं बरं. काच गार होत नाही, आतून पाणी धरत नाही आणि सकाळी बर्फ खरवडायला लागत नाही.

हीटर बसवताना दोन गोष्टींकडे स्वतः उभं राहून लक्ष द्या. धुराचा पाइप दाराच्या, खिडकीच्या किंवा हीटरच्या हवा ओढायच्या पाइपाजवळ संपता कामा नये, गाडीच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्या, गाडीखाली सोडू नका. आणि फ्लोअरमधून जिथे पाइप जातात तिथे सायलेन्सरचं तापमान सहन करणारं सीलंट, साधा सिलिकॉन तिथे टिकत नाही. धुराच्या पाइपाचा सांधा गाडीच्या आत एकही नको.

आणि आरसीचं बघितलंय का? सीट काढून बेड टाकला म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदल झाला, आरटीओची परवानगी लागते. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. परराज्यात जाताय, इन्शुरन्सचा प्रश्न येतो, कागद आधी नीट करा.

हिमशिखर_नाशिक

मी हिवाळ्यात त्याच रस्त्याने स्पितीत (ताबो-काझाचं खोरं) गेलेय, गाडीचं काम मला कळत नाही पण रस्त्याचं आणि तिथल्या राहण्याचं सांगते. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते त्यामुळे मनालीकडून उतरता येत नाही, ज्या रस्त्याने गेलात त्याच रस्त्याने किन्नौरमधून परत. हे आधीच धरून चाला आणि हातात जास्तीचे दिवस ठेवा कारण बर्फ पडला किंवा दरड आली की बीआरओ (सीमा रस्ते संघटना) रस्ता मोकळा करेपर्यंत थांबावंच लागतं. तिथे घाई करणं हाच सगळ्यात मोठा धोका आहे.

डिझेल! आपल्याकडचं साधं डिझेल तिथल्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं आणि फिल्टरमध्येच अडकतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं जे उणे ३३ पर्यंत वाहतं राहतं. तुम्ही खालून भरलेलं डिझेल वर जाईपर्यंत संपवत या आणि वरच्या पंपावर हिवाळ्याचं डिझेल आहे का विचारूनच टाकी भरा. काझ्याला पंप आहे, ३७४० मीटरवर. कोणी म्हणालं रॉकेल मिसळा तर नवीन कॉमन रेल इंजिनात नको, पंप आणि इंजेक्टर खराब होतात. टाकीखाली जाळ करणारे पण दिसतील, ते तर अजिबात करू नका. गाडीत डीईएफ (धूर साफ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरतात तो द्रव) लागत असेल तर ते उणे ११ ला गोठतं हेही लक्षात असू द्या. कूलंट निम्मं-निम्मं आहे का ते पुण्यातच तपासून घ्या, नुसतं पाणी असेल तर इंजिन ब्लॉक फुटतो. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून चिकटतो, गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.

बर्फात टायरवर चढवायच्या चेन घ्या आणि ट्रॅव्हलरला त्या मागच्या चाकांना लागतात. पुण्यात एकदा चढवून-उतरवून बघा, बर्फात बोटं बधिर झाल्यावर पहिल्यांदा शिकायचं काम नाही. बर्फापेक्षा सकाळचा काळा बर्फ वाईट, रस्ता नुसता ओला दिसतो. सावलीतल्या वळणांवर ऊन येईपर्यंत निघूच नका, दहा-साडेदहानंतर चाला आणि तीन-चारला थांबा.

आता आईंचं. शिमला बाजूने जाताय हे उत्तम, उंची हळूहळू वाढते. नारकंडा साधारण २७०० मीटर, कल्पा २९६० च्या आसपास, या दोन्हीकडे निवांत राहा. मग नाकोला मुक्काम करू नका, ते ३६०० च्या वर आहे, नुसतं तळं बघून पुढे ताबोला झोपा, ते ३३०० च्या आत आहे. आईंना ताबोला बरं वाटलं तरच काझा. बीपी आहे म्हणून निघायच्या आधी डॉक्टरांना उंची सांगून विचारा, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) वगैरे स्वतःच्या मनाने नाही.

आणि एक मनापासून सांगते, ताबो-काझ्यात होमस्टेच्या अंगणात गाडी लावा. तिथल्या घरांत मधल्या खोलीत तंदूर पेटलेला असतो, म्हणजे लाकडाची लोखंडी शेगडी, धुराडं बाहेर काढलेलं. संध्याकाळी त्याच्याभोवती सगळं घर बसतं, आईंना ते गाडीपेक्षा जास्त आवडेल बघा. तिथल्या सगळ्या पाइपलाइन गोठलेल्या असतात, पाणी हापशावरून नाहीतर नाल्यावरून आणतात, त्यामुळे पाणी मागताना आणि वापरताना भान ठेवा. स्वयंपाकाला कुकरच न्या, काझ्याला पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, साध्या पातेल्यात डाळ शिजत नाही.

सह्यकन्या (पुणे)

किती छान उत्तरं दिलीत सगळ्यांनी, खरंच खूप आभार. ग्लासवूल आणि गॅस हीटर दोन्ही कॅन्सल. आरसीचं काम चालू आहे, निघायच्या आधी पूर्ण करूच. आता अजून विचारते, लिथियम बॅटरी थंडीत खराब होते म्हणतात ते खरं का, आणि डिझेल हीटर रात्रभर चालला तर ती पुरेल का? आणि पाण्याच्या टाकीचं काय करू, ती आमची गाडीखाली बसवलीये, ८० लिटर. स्वयंपाकाचा गॅस तरी चालेल ना?

बारा_व्होल्ट (सांगली)

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर शून्याच्या खाली चार्ज करायची नाही, आतून कायमची बिघडते. वापरायला उणे तापमानातही चालते, चार्जिंगचाच प्रश्न. चांगल्या बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणारं सर्किट) हे कटऑफ असतं, तुमच्यात आहे का ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. सोपा उपाय म्हणजे बॅटरी गाडीच्या आत, बेडखाली, जिथे हीटरची हवा फिरते तिथे ठेवा. सकाळी आत ऊब आल्यावरच चार्जिंग सुरू करा.

हीटर पेटताना ग्लो प्लगला (डिझेल पेटवणारा तापणारा प्लग) ८-१० अँपिअर लागतात, काही मिनिटंच, नंतर १-२ अँपिअरवर येतो. म्हणजे १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीवर रात्र आरामात निघते. वायर मात्र जाड घ्या, पातळ वायरमुळे व्होल्टेज पडतो आणि हीटर पेटतच नाही, मग लोक हीटरला दोष देतात. मेन स्विच मारून हीटर कधीच बंद करू नका, कंट्रोलरवरूनच बंद करा, तो स्वतः थंड होईपर्यंत पंखा फिरवतो. सोलरच्या भरवशावर राहू नका, सूर्य खाली असतो आणि पॅनलवर बर्फ बसतो. अल्टरनेटरवरून डीसी-डीसी चार्जर लावा, रोज गाडी चालणारच आहे.

म्युनिकवाला

पाण्याचं सांगतो. गाडीखालची टाकी या ट्रिपपुरती पूर्ण रिकामी करा, पंप आणि नळातलंही पाणी काढा, नळ उघडे ठेवून द्या. २०-२० लिटरचे दोन कॅन आत ठेवा, काठोकाठ न भरता, आणि सिंकचं पाणी खाली बादलीत. इतकं साधं ठेवलं की गोठायला काही उरतच नाही. इकडे हिवाळ्यासाठीच बनवलेल्या गाड्यांत टाकी गरम दुहेरी फ्लोअरमध्ये असते, तो खर्च तुम्हाला एका ट्रिपसाठी करायची गरज नाही.

गॅस चालेल, पण आपल्या घरगुती सिलेंडरमध्ये ब्यूटेन असतो आणि ब्यूटेन शून्याच्या जवळ आला की वायू व्हायचाच थांबतो. इकडे म्हणून हिवाळ्यात नुसता प्रोपेन वापरतात, तो उणे ४२ पर्यंत चालतो. तुम्हाला तिथे तो मिळेलच असं नाही, त्यामुळे सकाळी शेगडी मंद पेटली तर घाबरू नका, गाडी तापली की चालेल. सिलेंडरला जाळ दाखवू नका. स्वयंपाक करताना व्हेंट उघडा, झोपायच्या आधी रेग्युलेटर बंद.

एक राहिलं, उंची. डिझेल हीटर विरळ हवेत तेवढंच डिझेल जाळायला जातो आणि धुराने भरतो. विकत घेतानाच उंचीची सेटिंग असलेला घ्या, जो दाबाप्रमाणे डिझेल कमी करतो, बऱ्याच साध्या मॉडेलना १५०० मीटरच्या वर काजळी धरायला लागते. आणि रोज निदान अर्धा तास फुल्ल चालवा म्हणजे काजळी जळून जाते. हीटरचा पातळ पाइप गाडीच्या टाकीवरूनच घेताय तर हिवाळी डिझेलची गोष्ट त्यालाही लागू, उलट तोच आधी तुंबतो.

बेडखाली हवा फिरायला फळ्यांमध्ये फटी ठेवा, सपाट प्लायवर गादी टाकली की खालून भिजते. आईंची झोपायची जागा पत्र्याला चिकटून नको, मधल्या बाजूला करा.

हिमशिखर_नाशिक

+१, आणि पहिला मुक्काम नारकंड्यालाच गाडीत करा, हीटर, अलार्म, पडदे, कॅन सगळं खऱ्या थंडीत लावून. काही बिघडलं किंवा कमी पडलं तर मागे ६०-६५ किलोमीटरवर शिमल्याचा बाजार आहे, मेकॅनिक आहेत. कल्पाजवळच्या रिकाँगपिओच्या पुढे गेल्यावर हीटरचा साधा फ्यूजही मिळायची खात्री नाही, त्यामुळे फ्यूज, ग्लो प्लग आणि डिझेल फिल्टर जास्तीचे घेऊनच निघा.