स्कीइंग शिकायचंय: गुलमर्ग की औली? आणि सुरुवात कशी करावी?

भुसावळकर:
मंडळी, मी, बायको आणि बारा वर्षांची मुलगी, तिघांना या हिवाळ्यात स्कीइंग शिकायचंय. ४५ अंशांत वाढलेली माणसं आम्ही, बर्फ पाहिला तो रसवंतीवरच. कुठे जावं? घरून काही तयारी करता येते का?

धुळ्याचा_भाऊ:
उत्तराखंडात औलीला गढवाल मंडळ विकास निगमचे (तिथलं सरकारी पर्यटन महामंडळ) ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात. पण बर्फाचा भरवसा कुठेच धरू नका. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गसुद्धा महिनाअखेरपर्यंत जवळजवळ कोरडं होतं. फेब्रुवारी धरा, आणि कोर्सच करा. तासावर माणूस घेतला तर फोटो निघतात, स्कीइंग येत नाही.

अमळनेरकर_ताई:
भाऊ, गुलमर्गला गेलात तर खालच्या सपाट उतारांवरच शिका. गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जातो, ते नवख्यांचं काम नाही.

आता मुद्द्याचं. बुटात एकच लांब मोजा, थर्मलची घडी आत नको. बूट आवळल्यावर गुडघे किंचित वाकवा. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली राहिली पाहिजे. सगळं स्कीइंग या टेकण्यावर आहे. उतार दिसला की भीतीने माणूस मागे रेलतो, स्कीच्या (बुटाखाली लावायच्या लांब पट्टीच्या) पुढच्या भागावरचा भार जातो आणि मग ती ना वळते, ना थांबते. भीती वाटली की उलट पुढे व्हायचं. मनाला पटत नाही, पण तसंच आहे.

थांबणं आधी शिका. स्कीची टोकं जवळ (एकमेकांवर चढू देऊ नका), मागच्या बाजू फाकवलेल्या, भार आतल्या कडांवर. याला स्नोप्लाऊ म्हणतात. जितकं फाकवाल तितका वेग कमी. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर भार द्या, स्की आपोआप वळते. खांदे फिरवून काही होत नाही. आणि नजर समोर, पायाकडे नाही.

भुसावळकर:
ताई, आणि पडलो तर?

अमळनेरकर_ताई:
पडणारच. जमेल तर बाजूला, कुल्ह्यावर पडा; हात मागे टेकू नका, मनगट जातं. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या, शरीरापेक्षा उताराच्या खालच्या बाजूला घ्या. उताराच्या दिशेने ठेवल्या तर उठताउठताच निघाल.

चोपडा_एक्सप्रेस:
काय भो, तयारी विचारली ना? भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसा, रोज. मांड्या बोलायला लागतील. जीन्स नेऊ नका, भिजली की वाळत नाही. गॉगल आणि सनस्क्रीन मात्र न्याच, बर्फावरून ऊन परत तोंडावर येतं. हेल्मेट तिघांनाही, फक्त मुलीला नाही.

धुळ्याचा_भाऊ:
गाडीचं: भुसावळहून झेलम एक्सप्रेसने जम्मू. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही आहे. पुढे टंगमर्गमार्गे गुलमर्ग. बर्फ पडला असेल तर टंगमर्गला चेनवाली (चाकांना साखळ्या लावलेली) गाडी घ्यावी लागते, भाडं आधी ठरवा.

भुसावळकर:
झालं, फेब्रुवारी आणि गुलमर्ग. बायको विचारतेय, भरताची वांगी नेली तर टिकतील का.

चोपडा_एक्सप्रेस:
वांगी गारठू देऊ नका, खराब होतात. हिरव्या मिरच्याही सांभाळा.